जाकिटाच्या खिशातला कागद

अब्बा, तुमच्यावर माझा विश्वास नव्हता. तुम्हांला हे ठाऊक होतं की नाही, ते मला ठाऊक नाही. तुम्ही होतात तोवर मी कधी उघड बोलले नाही, आणि आता तुम्हांला जाऊनही इतकी वर्षं झाली की ज्या डॉक्टरने तुमच्या मृत्यूचा दाखला लिहिला तोसुद्धा वारला. पण ज्याच्यावर संशय घ्यायचा तो माणूस गेला म्हणून संशय जात नाही. तो घरातच राहतो आणि हळूहळू हातपाय पसरतो. मी दूध हुंगल्याशिवाय तापवत नाही. रिक्षावाल्याने सांगितलेला रस्ता फोनवर ताडून पाहते. विम्याचा माणूस आला की त्याला बारीक अक्षरातला मजकूर मोठ्याने वाचायला लावते, आणि बिचाऱ्याला घाम फुटतो. घरात सगळे हसतात, म्हणतात हिला पोटच्या पोरांकडूनही पावती लागते. हसू देत. ही खोड मला कुठे लागली ते त्यांना माहीत नाही. सौदीतल्या यान्बूला लागली, बाराव्या वर्षी, कुवेतची लढाई संपली त्या महिन्यात.

तुमचं काम तेव्हा मला नीट कळत नव्हतं. आज कळतं, कारण आज मी तेच करते. नवी मुंबईत सातव्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. अमेरिकेतले वकील आपले युक्तिवाद पाठवतात, आणि त्यात त्यांनी ज्या-ज्या निकालाचा आधार घेतला असेल तो निकाल अजून जिवंत आहे की नंतरच्या एखाद्या निकालाने त्याला मारला, हे आम्ही तपासतो. जिवंत असेल तर हिरवी खूण, शंका असेल तर पिवळी, मेला असेल तर लाल. तुमच्याकडे खुणा नव्हत्या, पानं होती. त्या अमेरिकन बांधकाम कंपनीच्या कायदा विभागात एक अमेरिकन वकीलसाहेब आणि एक तुम्ही, ज्यांना सगळे लायब्ररीवाला म्हणायचे. भिंतभर जाड फायली, त्यांतली पानं कड्यांमध्ये ओवलेली, काढता-घालता येणारी. दर आठवड्याला अमेरिकेहून पाकीट यायचं. त्यात नवी पानं आणि वर एक चिठ्ठी, अमुक पानं काढा, तमुक घाला. तुम्ही आधी जुनी पानं काढायचात, मोजायचात, मग नवी ओवायचात, अंगठ्याने कडी दाबून बंद करायचात आणि फायलीच्या पहिल्या पानावरच्या तक्त्यात सही करायचात. एकदा तुम्ही मला ऑफिस दाखवायला नेलं होतंत तेव्हा म्हणाला होतात, ‘एक जुनं पान आत राहिलं ना, की अख्खं पुस्तक खोटं बोलायला लागतं.’ काढलेली पानं कोपऱ्यातल्या मशीनमध्ये जायची आणि खालून शेवया होऊन पडायची. मला ते मशीन फार आवडलं होतं.

पाकिटात सगळ्यांत वर एक फिकट हिरवट कागद असायचा. कोणत्या कोर्टात काय चाललंय, कोणता निकाल लागला, कोणता प्रश्न वरच्या कोर्टाने हाती घेतला, अशा ताज्या घडामोडी. तो फायलीत लावायचा नसे. त्यावर तारखेचा शिक्का मारायचा, साहेबाच्या टेबलावर ठेवायचा, साहेबाने वाचला की मशीनमध्ये. साहेब कधीकधी तो वाचतही नसे. तुम्ही मात्र वाचायचात, हे मला पक्कं माहीत आहे, कारण जेवताना तुम्ही मध्येच सांगायचात की अमेरिकेत अमक्या राज्यातल्या बाईने तमक्या कारखान्यावर केस केली. मग मी विचारायची, ‘बरोबर कोणाचं अब्बा?’ तुम्ही म्हणायचात, ‘मी पान लावतो गो, मत लावत नाही.’ हे तुमचं ठरलेलं उत्तर होतं. एकदा मी भूगोलाच्या पुस्तकात लाल पेनने रेघा मारल्या तर तुम्ही ते पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलंत. तुम्ही कधी हात उगारला नाहीत, पण त्या दिवशी आवाज असा काढलात की मी रडायला लागले. छापलेल्या कागदावर आपली रेघ मारायची नाही, म्हणालात. वाचणाऱ्याला काय महत्त्वाचं वाटावं हे ठरवणारे आपण कोण. बारा वर्षांच्या मुलीला हे कसं कळावं? मला फक्त एवढंच कळलं की तुम्हांला कागद माझ्यापेक्षा प्यारा आहे.

आणि चाचा-चाची. आपलं त्यांच्याशी नातं काहीच नव्हतं, ते रायगडकडचे, आपण रत्नागिरीच्या खाडीवरचे. पण यान्बूत आपल्याकडची चारदोन घरं, त्यामुळे नातं आपोआप लागलं. चाचा इंजिनियर, टेक्सासमध्ये बरीच वर्षं राहून अमेरिकन पासपोर्ट घेतलेले, त्यामुळे कंपनीच्या भिंतीआतल्या वसाहतीत राहायचे. आपण बाहेर, जुन्या गावात, मच्छीबाजारामागच्या इमारतीत. शुक्रवारी नमाजानंतर तुम्ही आम्हांला तिकडे न्यायचात. गेटवरचा पहारेकरी तुमचं कार्ड बघायचा, वहीत सगळ्यांची नावं लिहायचा. चाचीचं स्वयंपाकघर आपल्या दोन खोल्यांएवढं. अम्मी आणि चाची मिळून सांदणं करायच्या, बंदरावरून आणलेली मच्छी तळायच्या आणि बोलायच्या. अम्मी घरी हळू बोलणारी बाई. तिथे ती ओट्याला टेकून मोठ्याने हसायची, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. चाचीने मला केक भाजायला शिकवलं. माझा पहिला केक मधून कच्चा राहिला होता, तरी तिने त्याचा मोठा तुकडा सगळ्यांसमोर खाल्ला. मला ती अम्मीइतकीच आवडायची, आणि खरं सांगायचं तर त्या वर्षी अम्मीपेक्षा जास्त.

मग इराकने कुवेत घेतलं. यान्बू तांबड्या समुद्रावर, लढाई दुसऱ्या टोकाला, तरी माणसं एकमेकांकडे तिरकं बघायला लागली. आपल्या खालचा येमेनी दुकानदार, जो मला रोज एक टॉफी द्यायचा, त्याच्या देशाने भूमिका चुकीची घेतली म्हणून महिन्याभरात दुकानाला कुलूप लावून गेला. माल निम्म्यावर होता. इमारतीतले लोक दारात बोलायचे थांबले. कोण कुठला रेडिओ ऐकतं याची चर्चा व्हायला लागली. तुमची पाकिटं उशिरा यायला लागली, कस्टममध्ये फोडून पुन्हा चिकटवलेली, तीन-तीन एकदम, उलटसुलट. कंपनीने अमेरिकन पासपोर्टवाल्यांना गॅसचे मास्क दिले. आपल्याला सांगितलं, खिडक्यांना टेप लावा आणि दाराखाली ओला टॉवेल ठेवा. अम्मीने टॉवेल बाजूला काढून ठेवला आणि म्हणाली, ‘गॅसला काय माहीत कोणाचा पासपोर्ट कुठला?’

त्याच सुमाराला चाचांना काढलं. त्यांचा वरचा साहेब त्यांच्या नमाजाच्या वेळेवरून चारचौघांत थट्टा करायचा, त्यांच्या नावावरून घाणेरडं बोलायचा. त्यांनी लेखी तक्रार केली, आणि काही आठवड्यांत त्यांचीच नोकरी गेली. ते आणि चाची आपल्या घरी आले तो दिवस मला आठवतो. चाचा खुर्चीच्या टोकावर बसले आहेत, चाची उभीच. चाचा म्हणतात, ‘तुझ्याकडे एवढी पुस्तकं आहेत, बघून सांग ना. मी अमेरिकन, कंपनी अमेरिकन, ज्याने शिव्या दिल्या तो अमेरिकन. मग कायदा कुठला?’ तुम्ही म्हणता, ‘मी मत देऊ शकत नाही.’ ‘मत नको, पानावर काय आहे तेवढं सांग.’ मग सांगता, की अशीच एक केस अमेरिकेत चालू आहे, इथेच सौदीत काम करणाऱ्या माणसाची, आणि खालच्या कोर्टांनी म्हटलंय की धर्मावरून, मूळ देशावरून नोकरीत भेदभाव करू नये हा कायदा अमेरिकेच्या जमिनीपुरता आहे, परदेशात नोकरीला गेलेल्याला तो लागत नाही. चाची म्हणाली, ‘म्हणजे माणूस विमानात चढतो आणि कायदा विमानतळावर हात हलवत उभा राहतो?’ कोणी हसलं नाही. चाची स्वतःही नाही.

जानेवारीत कंपनीने चाचांपुढे कागद ठेवला. सही करा, आमच्याविरुद्ध तुमचं काही म्हणणं नाही असं लिहून द्या, आणि सगळ्या कुटुंबाला विमानात जागा मिळेल. सही नाही तर जागा नाही, घर खाली करा, मास्क परत द्या. चाची म्हणत होती, सही करायची नाही, तिकडे जाऊन लढायचं. चाचांनी सही केली. दुसऱ्या दिवशी पहाटे लढाई सुरू झाली. निघण्याआधी चाची आपल्या दारात आली, आत आली नाही. अम्मीचे दोन्ही हात धरून म्हणाली, ‘तुझ्या घरवाल्याने सांगितलं दरवाजा बंद आहे, म्हणून सही केली गो आम्ही.’ रागाने नाही, नुसतं सांगितलं. मग गाडीचा हॉर्न वाजला आणि ती गेली.

लढाई संपली. उन्हं वाढली तसं अम्मीने हिवाळ्याचे कपडे धुवायला काढले. अम्मी खिसे तपासल्याशिवाय कपडा पाण्यात घालत नसे. तुमच्या खाकी जाकिटाच्या आतल्या खिशातून तिने एक चौघडी कागद काढला आणि मला दिला. इंग्रजी होतं. ‘बघ गो, कामाचा आहे का?’ मी वाचला. तो हिरवट कागद होता. मधल्या मजकुरात लिहिलं होतं की परदेशी काम करणाऱ्या अमेरिकन नोकराला हा कायदा लागतो की नाही हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वांत मोठ्या कोर्टाने ऐकायला घेतला आहे. त्या दोन ओळींखाली पेन्सिलीची बारीक रेघ होती. वर तुमचा तारखेचा शिक्का. मी बोटांवर दिवस मोजले. चाचांनी सही केली त्याच्या आठ दिवस आधीचा. म्हणजे दरवाजा बंद नव्हता, निदान पूर्ण बंद नव्हता, आणि तुम्हांला माहीत होतं. मी अम्मीला सगळं समजावून सांगितलं. अम्मी काही बोलली नाही. जाकीट बादलीत बुडवलं, कागद तुमच्या टेबलावर ठेवला, आणि तुम्ही आलात तेव्हा एवढंच विचारलं, ‘चाचाला तुम्ही काय सांगितलं होतं?’ तुम्ही कागदाकडे पाहिलंत. मग म्हणालात, ‘तो विषय खलास.’ आणि हात धुवायला गेलात.

त्या दिवसानंतर अम्मी तुमच्याबरोबर जेवायला बसली नाही. वाढायची, सगळं वेळेवर, गरम, पण स्वतः मागाहून स्वयंपाकघरात जेवायची. यान्बूत, मग परत आल्यावर रत्नागिरीत. पाहुण्यांना वाटायचं जुन्या चालीची बाई आहे. उन्हाळ्यात चाचीचं पत्र आलं. तिला तिकडे कळलं होतं की ती सही करत होती त्या दिवसांत तो प्रश्न मोठ्या कोर्टापुढे होता. ‘तुझ्या माणसाला हे ठाऊक नसेल असं मला पटत नाही,’ असं तिने लिहिलं होतं. अम्मीने त्या पत्राला उत्तर दिलं नाही. काय देणार होती? दोघींचं बोलणं तिथे संपलं ते संपलंच, आणि अम्मी तशी मोठ्याने हसलेली मी पुन्हा ऐकली नाही.

मला तर कारण सरळ दिसत होतं. तुमचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, कंपनीच्या कफीलाच्या, जामीन राहणाऱ्या मालकाच्या, हातात. तुमच्या साहेबाला सही हवी होती. तुम्ही नवा कागद दाबून ठेवलात, मित्राला जुनं पान वाचून दाखवलंत आणि आपली नोकरी वाचवलीत. माझी शाळा त्याच नोकरीवर चालली होती, म्हणजे मीही त्यात आले, आणि याचाच मला जास्त राग होता. पुढे तुम्ही जो कागद माझ्यापुढे सहीला ठेवलात, कॉलेजचा, बँकेचा, तो मी तुमच्यासमोर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. तुम्हांला वाटलं असेल मुलगी तुमच्यावर गेली. मी या नोकरीला लागले त्या वर्षी तुम्ही आजारी होतात. पलंगावरून विचारलंत, ‘ते हिरवे कागद अजून येतात का गो?’ मी म्हटलं, ‘आता सगळं स्क्रीनवर येतं अब्बा. कोणाला खिशात घालून नेता येत नाही.’ तुम्ही थोडं हसलात आणि चष्मा शोधायला लागलात. चष्मा तुमच्या डोळ्यांवरच होता.

आणि आता गेल्या महिन्यात, म्हसळ्याला एका लग्नात, चाचा. चाची दोन वर्षांपूर्वी अमेरिकेतच वारली. हे काठी टेकत भाच्याबरोबर आले होते. ‘तू लायब्ररीवाल्याची मुलगी ना?’ मी हो म्हटलं आणि निसटायला वाट बघू लागले, पण त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. म्हणाले, ‘तुझ्या बापासारखा माणूस मी पाहिला नाही.’ मेलेल्या माणसाबद्दल लग्नाच्या मांडवात सगळे असंच बोलतात, म्हणून मी तोडून टाकलं, ‘चाचा, त्यांच्यामुळे तुमचं नुकसान झालं. मला माहीत आहे.’ ते म्हणाले, ‘कोणी सांगितलं तुला?’

मग त्यांनी सांगितलं. सहीच्या पाच दिवस आधी तुम्ही त्यांना निरोप पाठवलात. गेटच्या वहीत नाव लागू नये म्हणून वसाहतीत गेला नाहीत, त्यांना बंदरावर बोलावलंत, मच्छीवाल्यांच्या शेडमागे. ‘जाकिटातून कागद काढला. म्हणाला, वाचा. मी वाचला. मी विचारलं, आता तूच सांग, काय करू? तर बोलला नाही. बोटाने ती रेघ दाखवली.’

‘मग तुम्ही सही का केलीत?’

‘घाबरलो म्हणून.’ ते सरळ म्हणाले. ‘रोज वाटायचं आज गॅस येणार. चाची म्हणायची लढू. ती वाघीण होती गो. तिला कुठल्या तोंडाने सांगू की मला पळायचंय? घरी जाऊन सांगून टाकलं, लायब्ररीवाला म्हणतो दरवाजा बंद आहे. दुसऱ्या दिवशी त्याला भेटून सांगितलं, तुझं नाव घेतलंय. अमानत समज, कोणाला बोलू नको.’

‘अब्बा काय म्हणाले?’

‘बरं म्हणाला.’

‘एवढंच?’

‘एवढंच. पण नंतर घरी सांगितलं असेल ना त्याने? दोन वर्षांनी, चार वर्षांनी?’ मी नाही म्हणून मान हलवली. चाचांच्या हातातला फालुद्याचा पेला तसाच राहिला. ‘शेवटपर्यंत नाही?’ ते म्हणाले. ‘मी तर विसरूनसुद्धा गेलो होतो.’

तुम्ही मला ओळखता. मी लगेच विश्वास ठेवला नाही. विचारलं, कागद कसा होता? ते म्हणाले, हिरवट, आणि रेघ पेन्सिलीची, का विचारतेस? ती रेघ तुमच्या साहेबाची असेल असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. पण साहेब तो कागद पुष्कळदा वाचतही नसे, आणि वाचलाच तर तो मशीनमध्ये जायचा. साहेबाच्या टेबलावर पोचायच्या आधीच तुम्ही तो उचललात, छापलेल्या कागदावर रेघ मारलीत, आणि आतल्या खिशात घालून फाटकाबाहेर नेलात, त्या दिवसांत, जेव्हा नुसत्या संशयावरून माणसाला परत पाठवत होते. जन्मभर मत न देणाऱ्या माणसाने एक मत दिलं आणि ते ज्याला दिलं त्याने ते घेतलं नाही. वर त्याच माणसाने स्वतःची भीती तुमच्या नावावर टाकली, आणि तुम्ही बरं म्हणालात. मला तुमचा राग आला अब्बा. चाचांपेक्षा तुमचा जास्त. इतका शब्द पाळतात का कोणी?

घरी आल्यावर मी तो निकाल पुन्हा काढला. माझ्या कामात तो कधीमधी येतोच, आणि दर वेळी मी तो जरा जास्त वेळ उघडा ठेवते. लढाई संपल्यावर महिन्याभरात लागला. मोठ्या कोर्टानेही बहुमताने नाहीच म्हटलं: संसदेने स्पष्ट लिहिल्याशिवाय कायदा देशाबाहेर जात नाही. मग संसदेने त्याच वर्षी स्पष्ट लिहिलं, पण ते पुढच्यांसाठी. चाचा लढले असते तरी हरले असते. म्हणजे कायद्याने पाहिलं तर तुमच्या कागदाने काही बदललं नसतं, आणि चाचांच्या खोट्यानेही नाही. बदललं ते फक्त आपल्या घरात.

तुमचा जनाजा उठायच्या आधी बायकांनी रीतीप्रमाणे अम्मीला विचारलं, ‘माफ केलंस ना गो त्यांना?’ बाया हे सगळ्यांनाच विचारतात, आणि सगळ्या लगेच हो म्हणतात. अम्मी गप्प राहिली. इतकी की एकीने पुन्हा विचारलं. मग ती म्हणाली, ‘केलं.’ बायकांना वाटलं, दुःखाने आवाज फुटत नाही. ती काय माफ करत होती हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं, आणि मला तिचा फार अभिमान वाटला होता. आज ती ब्याऐंशी वर्षांची आहे. तुम्हांला माफ केल्याचं समाधान तिच्यापाशी आहे. आता तिला जाऊन सांगू का, की माफ करण्यासारखं काही नव्हतंच, आणि चौदा वर्षं तू ज्याच्याबरोबर जेवली नाहीस त्याने काहीच केलं नव्हतं? मग ती माफी कोणाकडे मागेल? महिनाभर मी स्वतःला हेच सांगते आहे, की मी अम्मीसाठी गप्प आहे.

ते खरं नाही. वर मी लिहिलं की कागद वाचून दाखवला तेव्हा अम्मी काही बोलली नाही. तेही खरं नाही. ती बोलली होती. बादलीपाशी बसल्याबसल्या म्हणाली, ‘त्यांनी दाखवला असेल गो चाचाला. लपवायचा असता तर घरी कशाला आणतील? ऑफिसात तुला आवडतं ते मशीन आहे ना?’ इंग्रजीचं एक अक्षर न येणाऱ्या अम्मीला ते तिथल्या तिथे कळलं होतं. मला चाची हवी होती, मला कोणावर तरी रागवायचं होतं, आणि घरात पहिल्यांदाच कोणीतरी मला कागद वाचायला दिला होता. मी म्हटलं, ‘दाखवला असता तर चाचांनी सही केली असती का? तुला नाही कळत अम्मी, हे कायद्याचं आहे.’ ती म्हणाली, ‘हो, तेही खरं,’ आणि तिने जाकीट बुडवलं.

तिला सांगितलं तर तिला हे आठवेल. मला त्याचीच भीती आहे. आता ती दारात उभी आहे, विचारते आहे, एवढं काय लिहितेस. ऑफिसचं आहे, म्हणून सांगितलं.